भांगेच्या अर्जावरची सही

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हिंदुराव निकमांच्या टेबलावरचा फोन वाजला आणि अकरा वाजून बारा मिनिटांनी त्यांनी तो खाली ठेवला. मधल्या दोन मिनिटांत त्यांनी आपली सही आपली नाही असं सांगून टाकलं होतं.

पलीकडचा माणूस सभ्य होता. "निकम साहब? हिंदुराव निकम साहब? त्यागी बोल रहा हूँ, आबकारी से, नोएडा का इंस्पेक्टर. आपको डिस्टर्ब किया. हमारे यहाँ भांग के परमिट की एक दरख़्वास्त आई है, किसी श्रीमती वैजयंती निकम की. दवाई बनाने के लिए. साथ के तेरह काग़ज़ आपने अटेस्ट किए हैं. साइन आपके ही हैं न?" आवाजात संशय नव्हता. दूधवाल्यानं दार उघडणाऱ्याला दीड लिटरच ना, असं विचारावं, तसं तो विचारत होता. मागे कुणीतरी टाइप करत होतं, एक ओळ संपल्याची घंटा हिंदुरावांना स्पष्ट ऐकू आली, आणि त्या घंटेनंतर लगेच त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडला. "नहीं." मग त्यांनी पुन्हा सांगितलं, "नहीं जी, मेरे नहीं हैं." पलीकडे एक कागद उलटला गेला. "पक्का, साहब? मोहर भी आपकी लगी है." "मोहर का मुझे नहीं पता." "अच्छा," त्यागी म्हणाला, आणि थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "अच्छा जी. फिर तो मैटर ही दूसरा हो गया." त्यानं आभार मानले आणि फोन ठेवला.

टेबलापासून दोन हातांवर बसणाऱ्या राजवीरनं फाइलीतून मान वर केली. राजवीर रोहतकचा, सेक्शनमधला सगळ्यांत जुना असिस्टंट. "किसका था साब?" "रॉंग नंबर." "भले आदमी निकले," राजवीर म्हणाला, "रॉंग नंबर पे भी दो मिनट हाल-चाल पूछ गए." पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं. हिंदुरावही हसले. आपण हसतो आहोत हे त्यांना गालाच्या ताणावरून कळलं. उजव्या हाताचा तळवा ओला झाला होता. त्यांनी तो पँटच्या मांडीवर पुसला, मग टेबलावरच्या काचेवर पालथा ठेवला, आणि उचलला तेव्हा काचेवर पाच बोटांचा ठसा उमटलेला दिसला. तो कडेकडेनं आटत गेला. पूर्ण आटेपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले.

त्यांना सर्वांत आधी सुचलं ते अगदी साधं होतं. हो म्हटलं असतं तर विषय अर्ध्या मिनिटात संपला असता. त्यागीला हो हवं होतं. त्याच्यापुढे एक छापील तक्ता असणार, त्यात साक्षांकनाची खातरजमा केली असा एक रकाना असणार, आणि दर दहा अर्जांमागे एकाला फोन करायचा असा तोंडी आदेश असणार. हे सगळं हिंदुरावांना न बघता दिसत होतं, कारण एक्क्याण्णव सालापर्यंतची पंधरा वर्षं त्यांनीही हेच केलं होतं. ते उद्योग परवान्यांच्या सेक्शनला होते. कुणी वर्षाला किती टन रंग करायचा, कुणी किती हजार पंखे करायचे, हे कागदावर त्यांच्या टेबलावरून जाई. मोठमोठ्या कंपन्यांची कोट घातलेली माणसं त्यांच्या दारात स्टुलावर बसून राहत. मग एका जुलैत नवं धोरण जाहीर झालं, परवाने गेले, कपाटंच्या कपाटं पोत्यांत भरून तळघरात गेली, आणि हिंदुरावांची बदली याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, भांडारखरेदीला झाली. आता सहा वर्षांनी एका परवान्याच्या अर्जावर पुन्हा त्यांचं नाव आलं होतं, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं. अर्ज कसा चालतो, कुठे थांबतो, कुणाच्या हातात गेल्यावर परत फिरत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यागी आज बारापर्यंत शेरा लिहील. शेरा तीन वाक्यांचा असेल. साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याशी दूरध्वनीवर बोलणं झालं. त्यांनी सही नाकारली. पुढील आदेशासाठी सादर. चौथं वाक्य त्याच्या वरच्या साहेबाचं असेल, आणि त्यात पोलीस हा शब्द असेल. सरकारी अधिकाऱ्याची सही आणि शिक्का खोटा करून परवाना मागणं, याची कलमंसुद्धा त्यांना आठवली. चारशे अडुसष्ट. चारशे एकाहत्तर. ती त्यांनी स्वतःच्या हातानं दोनदा लिहिली होती, एकदा लुधियानाच्या माणसाविरुद्ध, एकदा कोइमतूरच्या. त्या दोघांचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. फाइल दुसऱ्या खात्याकडे गेली की आपल्याकडून ती निकाली निघे.

आणि हिंदुराव हे नाव. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी ऑफिसात नाव सांगितलं तेव्हा हेडक्लार्क म्हणाला होता, "हॉस्पिटल?" तेव्हापासून दिल्लीत प्रत्येक नवा माणूस तीच थट्टा करत आला. रिजवर कुठल्या तरी जुन्या हिंदुरावाचं नाव एका दवाखान्याला होतं, आणि त्यापलीकडे या शहरात हे नाव कुणालाही माहीत नव्हतं. सातारा जिल्ह्यात गावागणिक दोन सापडले असते. इथे राजपत्रित अधिकारी असलेला हिंदुराव निकम एकच होता. अशी सही नाकारणं म्हणजे भरबाजारात आपलीच चप्पल आपली नाही म्हणण्यासारखं होतं. त्यागीला हे आता कळेल की दुपारी, एवढाच प्रश्न होता. की कळलंच आहे? किसी श्रीमती वैजयंती निकम. तो 'किसी' हा शब्द त्यानं कसा उच्चारला होता, हे हिंदुराव पुनःपुन्हा ऐकू लागले. पहिल्यांदा तो सरळ वाटला, तिसऱ्यांदा तसा वाटेना.

सही त्यांनी केली होती रविवारी, नऊ मार्चला, सकाळी दहाच्या सुमाराला, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात. रविवारी तिथे नेहमीच सह्या चालत. परभणी, धाराशिव, साक्री, कुठून कुठून आलेली, कलेक्टर व्हायचं म्हणून गच्चीवरच्या बरसातीत चौघांत एक खोली करून राहणारी पोरं झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन येत. या शहरात मराठी बोलून सही मिळेल अशी जागा एकच, निकम काकांकडे. वैजयंती त्यांना उपमा देई. हिंदुराव मूळ कागद बघत, प्रत बघत, शिक्का मारत, सही करत. त्यांना याचा अभिमान होता, की ते मूळ कागद बघतात. बाकीचे अधिकारी गठ्ठ्याच्या कडा उचलून सह्या ठोकतात, ते तसं करत नाहीत. त्या दिवशी शेवटचा मुलगा, लातूरकडचा नीरज, चपला घालत असताना वैजयंतीनं आणखी एक गठ्ठा टेबलावर ठेवला. "आमचेही करा की. शिक्का बाहेरच आहे तुमचा." सगळ्यांत वर तिचं आयुर्वेदाचं पदवीपत्र होतं, मग शेडचा भाडेकरार, औषध खात्याचा परवाना, नकाशा. "तुझ्या कागदांवर मी कशी करू?" असं ते म्हणाले होते. हे त्यांना पक्कं आठवत होतं, आणि आता त्याचाच थोडा आधार वाटत होता. "का? कागद खोटे आहेत?" ती म्हणाली. नीरज एक पाय चपलेत घालून थांबला होता. "काका, कसले आहेत?" "भांगेचे," वैजयंती म्हणाली, "परीक्षा नापास झालास की ये माझ्याकडे." तो हसला. आतून अक्षया, त्यांची मुलगी, ओरडली, "मम्मी, प्लीज यार, जोरात नको ना बोलूस! शेजारचे सुनतील." सगळेच हसले, आणि त्या हशात हिंदुरावांनी तेरा वेळा सही केली. मूळ कागद त्यांनी बघितले नाहीत. ते सगळे त्यांच्याच कपाटात होते.

नियम त्यांना माहीत नव्हता असं नाही. घरातलं कुणी धंदा करत असेल तर सरकारी नोकरानं तसं कळवायचं, पंधरावा नियम. त्यांनी पत्र लिहिलंही होतं. माझी पत्नी वैद्य असून नोएडा येथे आयुर्वेदिक चूर्णांचं उत्पादन करते, एवढंच. मग भांगेचा अर्ज निघाला आणि ते पत्र अपुरं वाटू लागलं. भांग हा शब्द घातला तर ते उपसचिवांपर्यंत वाचलं जाईल, वरचा मजला हसेल, आणि नाही घातला तर माहिती दडवली असं होईल. पत्र खणात राहिलं. त्यातच जानेवारीत अवर सचिवपदाच्या यादीत त्यांचं नाव आलं. सातवं. दक्षता विभागाकडून स्वच्छ अहवाल आला की मेमध्ये आदेश. एकावन्न वर्षांचे झाल्यावर, छावणीच्या शाळेत शिकलेल्या हवालदाराच्या मुलाला, दारावर नावाची पाटी असलेली स्वतंत्र खोली. त्यांनी ती कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण तिची खिडकी कुठल्या बाजूला असेल हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. टाइपरायटरची घंटा वाजली तेव्हा त्यांना ती खिडकी दिसली होती का? नाही. काहीच दिसलं नव्हतं. शब्द आधी आला, आणि त्याची कारणं आता, एकामागोमाग एक, वर चढून येत होती.

सव्वा वाजता जेवणाच्या सुट्टीत ते खाली उतरून रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथवर गेले. ऑफिसचा फोन एक्स्चेंजमधून जाई, आणि राजवीरला कान होते. बूथच्या काचेच्या खोलीत ऊन कोंडलं होतं, रिसीव्हर गरम होता. अबकारी कचेरीचा नंबर त्यांनी टेलिफोनच्या चौकशीकडून मिळवला होता. आठ वेळा घंटी वाजली. "त्यागी जी? फील्ड में निकल गए. कौन बोल रहे हैं?" हिंदुरावांनी तोंड उघडलं. नाव सांगायचं, त्यागीजींना सांगा म्हणायचं, सकाळी माझी चूक झाली, सही माझीच आहे. चार वाक्यं. त्यांनी जिना उतरताना ती मनात हिंदीत जुळवली होती. "मैं बाद में करता हूँ," ते म्हणाले. "नाम तो बताइए, साहब, लिख लेता हूँ." त्यांनी रिसीव्हर ठेवला. फील्डमध्ये म्हणजे कुठे, हे विचारायला हवं होतं. ते विचारलं नव्हतं, कारण ते माहीत होतं.

बूथबाहेर उभं राहिल्यावर त्यांना आई आठवली. आठवण नीट अशी नव्हती, एका रजईचा रंग होता, विटकरी. दिल्ली छावणीतल्या क्वार्टरमध्ये, त्रेपन्न-चोपन्न साल असेल, आई त्या रजईखाली शिवणयंत्र लपवून ठेवी. कुटुंबाच्या क्वार्टरमध्ये धंदा करायला बंदी होती, आणि आई आसपासच्या बायकांचे झंपर शिवायची. वडील, गुलाबराव, तेव्हा फिरोझपूरला. घरी कुणी काही विचारायला आलं तर आधी नाही म्हणायचं, हे क्वार्टरांच्या लाइनीतल्या प्रत्येक पोराला शिकवलेलं होतं. नाही म्हण, मग मला बोलव. एका दुपारी सुभेदार मेजर दोन जवान घेऊन पाहणीला आले, आई नळावर होती. रजई उचलली गेली. "किसकी है?" सात वर्षांच्या हिंदुरावांनी पाठ केलेलं उत्तर दिलं. "हमारी नहीं है." "अच्छा," सुभेदार मेजर म्हणाले, रागानं नाही, अगदी समजूतदारपणे, "तुम्हारी नहीं है तो लावारिस है." जवानांनी यंत्र उचललं आणि स्टोअरमध्ये जमा केलं. आई बादली घेऊन आली तेव्हा ते लाइनीच्या टोकाला वळत होतं. तिला मागून घेता आलं नाही. माझं आहे म्हटलं असतं तर गुन्हा कबूल झाला असता. तिनं पोराला मारलं नाही. संध्याकाळी उरलेले कापडाचे तुकडे ज्याच्या त्याच्या घरी परत द्यायला ती त्याला घेऊन गेली, आणि प्रत्येक दारात एकच वाक्य बोलली, मशीन बिघडलंय. हे त्यांनी पंचवीस वर्षांच्या संसारात वैजयंतीला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. आता ऊन लागून डोळ्यांपुढे विटकरी येत होतं, एवढंच.

दोन वाजता त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा लिहिली. कारणाच्या जागी पोटदुखी. राजवीर म्हणाला, "साब, भाभीजी का चूरन लीजिए, अपना माल तो घर में है." कुठल्याही दिवशी तो हेच म्हणाला असता. हिंदुराव त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "क्या हुआ साब?" "कुछ नहीं."

नोएडाची बस निजामुद्दीनच्या पुलावर पंधरा मिनिटं अडकली. खाली यमुना होती, काळी, एप्रिलमध्ये असते तशी, मध्ये वाळूचे पट्टे आणि त्यांवर कलिंगडांचे वेल. पुलापलीकडे थोडं गेलं की राज्य बदलायचं. दिल्लीत ज्या गोष्टीला एक कायदा, तिला पलीकडे दुसरा. खिडकीतून फलक दिसत होते, अर्धवट बांधलेल्या इमारतींवर लावलेले, त्यांत हिरवळीवर उभं असलेलं चौकोनी कुटुंब, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, चौघांचेही दात दिसत होते. वैजयंतीला ही बाजू आवडायची. इथे कुणी आपल्याला ओळखत नाही, ती म्हणायची, मोकळं वाटतं. अक्षया कॉलेजात गेल्यावर तिनं सेक्टर दहामध्ये शेड घेतली आणि बडीशेप-ओव्यापासून सुरुवात केली. पण तिला करायचं होतं ते तिच्या वडिलांचं, जुनाट जुलाबावरचं, जायफळाचं चूर्ण, आणि त्यात भांग हवी. भांगेचं पान औषधासाठी जरी जवळ ठेवायचं, विकत घ्यायचं, तरी अबकारी खात्याचा परवाना लागतो. "भांगेशिवाय ते चूर्ण म्हणजे मसालेभाताची तयारी," ती म्हणायची. लग्नानंतर पहिल्यांदा कऱ्हाडला गेले तेव्हा हिंदुरावांनी मागच्या पडवीत ते काम पाहिलं होतं. सासरे फडक्यात बांधलेली पानं पाण्यात बुडवून पिळत, हिरवं पाणी गटारीत जाई, पुन्हा बुडवत, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि मग वाळलेली पानं तुपात परतत. ओल्या गवताचा, तुपाचा आणि गोठ्याचा मिळून एक वास घरभर भरे. हिंदुरावांना तेव्हाही भीती वाटली होती, कुणी येईल, विचारेल. सासऱ्यांनी ते ओळखलं. "जावईबापू, परवाना भिंतीवर लावलाय," ते म्हणाले, "आमच्याकडे भ्यायचं काम नाही." वैजयंती तेव्हा बावीस वर्षांची होती आणि पदराला हात पुसत हसली होती.

बस सुटली तेव्हा त्यांनी एक गोष्ट ठरवली. आधी शेडवर जायचं, वैजयंतीला सांगायचं, आणि दोघांनी मिळून त्यागीकडे जायचं. तिथे ते बोलतील. आपल्या बायकोच्या कागदांवर सही केली हे अनुचित झालं, पण खोटं नाही. दक्षता विभागात कळलं तर कळलं. यादीतलं नाव मागे जाईल, कदाचित निघेल. नोकरी जाणार नाही. क्वार्टर जाणार नाही. हे त्यांनी दोनदा मोजून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तेवढंच निघालं, तरी ते तिसऱ्यांदा मोजू लागले. म्हणजे भीती नोकरीची नव्हती. मग कशाची? त्यागी समोर बसून पुन्हा विचारेल, आपके ही हैं न, आणि आपण पुन्हा नाही म्हणू, ही?

चार वाजून पाच मिनिटांनी ते शेडच्या दारात पोहोचले. आत कूलर चालू होता, हवेत ओवा आणि सुंठीची धूळ होती, नाकाला झोंबणारी. काम करणारी रिंकू म्हणाली, "दीदी, भाई साहब आए हैं," आणि डोक्यावरची ओढणी सारखी करून बाहेर निघून गेली. वैजयंती जमिनीवर बसून पिशव्यांची तोंडं दोऱ्यानं बांधत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा पिशवीकडे.

"त्यागी आला होता?" हिंदुरावांनी विचारलं.

"चहा घेऊन गेले. सव्वातीनला." तिनं दोरा दातांनी तोडला. "चांगला माणूस आहे. म्हणाले, मैडम, जिनके साइन हैं वो साहब तो मना कर रहे हैं. म्हटलं, कोण साहब? त्यांनी नाव वाचून दाखवलं. म्हटलं, ते माझे मिस्टर."

"सांगितलंस?"

"मग काय सांगू? हिंदुराव नावाचं दुसरं कोण आणू दिल्लीत? हॉस्पिटल?"

बसायला एक स्टूल होतं, त्यावर हिंदुराव बसले. "वैजू, सकाळी फोन आला तेव्हा मला—"

"राहू द्या. काय झालं असेल ते कळलं मला." ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "बिचारे त्यागीच ओशाळले. म्हणाले, मैडम, दोनों में से एक झूठ तो है. या साहब ने फ़ोन पे बोला, या आपने काग़ज़ पे किया. आप ही बता दीजिए. थोडा विचार केला मी. म्हटलं, मी केलं. साहेबांचा शिक्का घरी असतो, मी घेतला, सही मीच ओढली. लिखके दीजिए म्हणाले. दिलं लिहून."

"हिंदीत?" आपण हे का विचारलं ते हिंदुरावांना कळलं नाही.

"हिंदीत. अडलं तिथे शब्द त्यांनीच सांगितले."

आणि तेव्हा हिंदुरावांना बरं वाटलं. सकाळपासून छातीत आवळून बसलेलं काहीतरी सैल झालं, श्वास पोटापर्यंत गेला, ओव्याचा वाससुद्धा चांगला वाटला. एवढं स्वच्छ, शरीरातलं सुख त्यांना कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं. ते दोन श्वास टिकलं असेल. मग आपल्याला बरं वाटतंय हे त्यांना दिसलं, आणि दिवसभरात वाटली नव्हती अशी भीती वाटली. समोर बसलेली बाई ते बघते आहे का, हे पाहायचं त्यांना धैर्य झालं नाही.

"त्याला गुन्हा म्हणतात," ते म्हणाले. "तुला माहीत नाही ते. पोलिसांत देतील."

"देतील किंवा ताकीद देतील. त्यांच्या साहेबांवर आहे म्हणाले. परवाना तर गेलाच."

"मी जातो. सांगतो त्याला, माझीच आहे म्हणून."

"जा," वैजयंती म्हणाली. "साडेपाचपर्यंत असतात. सेक्टर एकोणीस. समोरून ऑटो मिळतो."

तिनं हे सरळ सांगितलं, टोमणा नव्हता. आणि मग हातातली पिशवी बाजूला ठेवून ती थांबली. हिंदुरावांनी गुडघ्यांवर हात ठेवले, उठायच्या आधी माणूस ठेवतो तसे. बाहेर रिंकू कुणाशी तरी हसत बोलत होती. रस्त्यावरून एक ऑटो गेला, मग आणखी एक. हात गुडघ्यांवरच होते. वैजयंतीनं पिशवी पुन्हा घेतली, तोंड आवळलं, दोरा गुंडाळला, गाठ मारली. मग दुसरी घेतली. तिसरी बांधून झाल्यावर ती उठली आणि कपाटातून कोऱ्या लेबलांचा गठ्ठा आणि बॉलपेन घेऊन आली.

"शुक्रवारी अकराला बोलावलंय," ती म्हणाली. "त्यांच्या साहेबांसमोर बसून दहा वेळा तुमची सही करून दाखवायची आहे. जुळली तर मी केली हे खरं. नाही जुळली तर तुम्हाला बोलावतील." तिनं एक लेबल उलटं करून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "कशी करता, दाखवा. हळू करा."

"वैजू, हे बरोबर नाही."

"नाहीच आहे. करा."

त्यांनी पेन घेतलं. पंचवीस वर्षं दिवसाला साठ-सत्तर वेळा ती सही हातातून पडत आली होती, बघायलाही लागत नसे. एचची दुसरी दांडी खाली ओढून तिथूनच जीचा वळसा, मग निकमची एक लांब लाट आणि शेवटी मागे वळणारा फाटा. हळू करायला गेल्यावर वळसा अडला, लाट थरथरली. तयार झालेली सही कुणीतरी नकलून काढल्यासारखी दिसत होती. वैजयंतीनं ती उजेडात धरून पाहिली. "अशी नाही. नेहमीसारखी." त्यांनी दुसरी केली, तिसरी केली. चौथी बरी आली. ती घेऊन वैजयंती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली, चष्मा लावला आणि लिहू लागली. "या दांडीनंतर पेन उचलता का?" तिनं न वळता विचारलं.

"नाही," हिंदुराव म्हणाले.

पाच वाजून वीस मिनिटांनी टेबलावर एकोणीस लेबलं झाली होती. पहिल्या बारांत काही अर्थ नव्हता. एकोणिसाव्यात फक्त शेवटचा फाटा चुकत होता. सेक्टर एकोणीसची कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं होती, आणि सुनावणी परवा, अकरा वाजता.